काळ्या पिकअपचे ब्रेक

५ जानेवारी, सोमवार

गाडी आली आणि काम त्याला दिलं!

अभिमन्यूची काळी पिकअप. उजनीच्या पाण्याकाठी त्याची केळी आहे आणि डोक्यात शर्यतीचं खूळ. इंजिनाची ताकद पुण्याहून वाढवून आणलीय. टायर माझ्या कमरेला लागतात. चालू केली तर समोरच्या चहावाल्याच्या कपबशा वाजल्या. ब्रेक मात्र कंपनीतून आले तेच. "दादा, पळती लई, पण थांबायचं नावच घेत न्हाय," म्हणाला. पंचवीस तारखेला दुधनीकडच्या माळावर शर्यत आहे. त्याआधी पुढचे दोन्ही कॅलिपर काढून मोठे बसवायचे.

ब्रेक म्हणजे माझं काम. या गॅरेजात बावीस वर्षं असंच चाललंय. मी हात पुसत पुढं झालो. तर उस्ताद म्हणाले, "मल्लिनाथ, ह्ये इंद्रजीत करंल. तू त्येच्या जोडीला ऱ्हा."

जोडीला! तीन महिने झाले त्याला येऊन. पुण्यात कुठल्या शर्यतीच्या गाड्यांवर सहा वर्षं होता म्हणे. होता तर होता!

घरी प्रतिक्षाला सांगितलं. ती म्हणाली, "कॅलिपर म्हंजी काय?" सांगितलं — चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, तिला दोन्हीकडून चिमटीत पकडतो तो कॅलिपर. त्यानं पकडलं की गाडी थांबते. "मग पकडणारा त्येनं बसवला काय अन् तुमी बसवला काय. गाडी थांबल्याशी मतलब." बायकोशी बोलायची सोय नाही.

६ जानेवारी, मंगळवार

जुने कॅलिपर काढले. ड्रायव्हर साईड त्यानं घेतली, क्लीनर साईड मी. दोघंही घाईत होतो. माझा खालचा बोल्ट गंजून बसलेला. पाईप लावून जोर दिला तर पाना घसरला आणि अंगठ्याचं सालपट निघालं. तोवर त्याचा कॅलिपर निघून तारेच्या हुकाला टांगलेलाही होता! ब्रेक ऑइलच्या नळीवर वजन येऊ नये म्हणून टांगायचा, हे मला काय माहीत नाही? मीही टांगतोच. पण उस्तादांनी नेमका त्याचाच हुक बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "शाब्बास."

मला शाब्बास म्हणालेले तीन वेळा. तिन्ही तारखा सांगू शकतो.

उस्तादांना आता चाचपूनच बघावं लागतं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात डॉक्टर. उरलीय ती टिकली तरी पुष्कळ. मूलबाळ नाही. या महिन्याच्या आत गॅरेज कुणाच्या हातात द्यायचं ते ठरवणार आहेत. पाटी उस्तादांच्या, उदयसिंहांच्या, नावाचीच राहील, पण हाक कुणाला मारायची ते बदलेल. वर्षाखाली मला कुणी विचारलं असतं तर मी हसलो असतो. दुसरं आहे कोण?

आता आहे.

७ जानेवारी

तो रजेवर. गॅरेजात मोकळं वाटलं. दोन स्कूटर, एक टेम्पो. उस्ताद दोनदा म्हणाले, "इंद्रजीत उद्या येतोय न्हवं?"

९ जानेवारी, शुक्रवार

नवे कॅलिपर आले. नवे म्हणजे पुण्याच्या जुन्या बाजारातले, कुठल्या तरी परदेशी मोटारीचे. एकेकात थाळीवर पॅड दाबणारे चार पिस्टन, आपल्या जुन्यात दोन. हातात घेतला. वजनदार, देखणा माल. खोटं कशाला लिहू, मलाही हुरूप आला. पण कानस लावली ती त्यानं.

चाकाच्या रिंगला कॅलिपरची पाठ घासते, तीन मिलिमीटर. तेवढी पाठ उतरवायची. मी ग्राइंडर उचलला. "नगं दादा, ग्राइंडरनं तापतंय. आत बारीक चीर गेली तर कळायची न्हाय. हातानंच घासू." बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच डोक्यात गेलं. अख्खी दुपार उभ्यानं कानस ओढत होता. मध्येच थांबून पावडर लावायचा, रिंग बसवून बघायचा, कुठं पुसली जाते ते पाहायचा, परत कानस.

दुपारी प्रतिक्षा डबा घेऊन आली होती. शेंगाची चटणी त्यालाही दिली. "वैनी, अशी चटणी पुण्यात सहा वर्षांत खाल्ली न्हाय." घरी येईतोवर तिच्या तोंडात तेच. "किती नीट बोलतंय पोरगं." पोरगं कसलं? तेहेतीस वर्षांचा घोडा आहे! "तुमी कधी चटणीचं नाव काढलं का?" सोळा वर्षं खातोय. खातोय म्हणजे आवडतीय, हे वेगळं सांगायचं असतं का?

१२ जानेवारी, सोमवार

लेथवरून ब्रॅकेट आले. जुन्या जागेवर नवा कॅलिपर बसायला मध्ये हे जाड लोखंडी ब्रॅकेट. त्यानं माप घेऊन कागदावर काढून दिले होते, आले ते एका झटक्यात बसले.

उस्तादांनी कपाट उघडलं. फडक्यातला बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. त्यांच्या गुरूंचा, मिरजेहून आणलेला. मी गॅरेजात आलो तेव्हा त्याला हात लावला म्हणून ओरडा खाल्ला होता. "आकडे दिसत न्हाईत मला आता. ह्यो तू वापर," म्हणाले. इंद्रजीतला.

तो पाया पडला. मी पान्यांचा ट्रे पुसला. तो आधीच पुसलेला होता.

जेवलो नाही. प्रतिक्षाला म्हटलं, पित्त झालंय.

१४ जानेवारी

संक्रांत. त्यानं तिळगूळ दिला. मी गोड बोललो.

१६ जानेवारी, शुक्रवार

हे लिहू की नको. लिहितो. वहीशिवाय कुणाला सांगणार.

आज कॅलिपर जुळवले. पिस्टन, रबरी सील, धूळ अडवायचे टोप, सगळं स्वच्छ करून फडक्यावर मांडलेलं. प्रत्येक पिस्टनच्या खाचेत एक रबर बसतं. ते कोरडं बसवलं तर चिरतं, म्हणून काहीतरी बुळबुळीत लावून बसवायचं. पण साधं इंजिन ऑइल नाही! ब्रेकच्या रबराला इंजिन ऑइल म्हणजे विष. दोन-चार दिवसांत रबर फुगतं, पिस्टन जागेवर अडकतो, ब्रेक धरून राहतो, चाक तापतं, आतलं ब्रेक ऑइल उकळायला लागतं आणि मग पाय सरळ खाली जातो. म्हणून उस्ताद पहिल्यापासून एरंडेल लावतात. आमच्या गॅरेजाची ती पद्धतच आहे. फळीवर उजव्या कोपऱ्यात चहापत्तीचा जुना डबा, त्यात एरंडेल.

इंद्रजीतनं पुण्याहून आणलेलं ग्रीसचं पाकीट काढलं. तेही चाललं असतं. उस्ताद म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. हितं रबराला एरंडेलच लावत्यात." आणि स्वतः हात वर करून, चाचपत, फळीवरून डबा काढून दिला.

त्या डब्यात एरंडेल नाही.

डिसेंबरात संपलं. मी नवं आणलं ते बाटलीत, ती बाकाखाली ठेवली. डबा रिकामा दिसला म्हणून त्यात इंजिन ऑइल ओतलं, भोकं पाडताना ड्रिलवर सोडायला. दोन्ही घट्ट, दोन्ही पिवळसर. उस्तादांना सांगायचं राहून गेलं. रबर बसवायचं काम माझंच होतं, त्यांना सांगायची वेळच आली नव्हती.

मी दोन हातांवर उभा होतो. इंद्रजीतनं पाकीट खिशात घातलं. "तुमी म्हनताल तसं, उस्ताद." बोट डब्यात बुडवलं. पहिलं रबर. दुसरं. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात उस्ताद त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ह्येच्यासारका हात मी अजून बघितला न्हाय."

मी तोंड मिटलं. बाटली पायाशी होती, ती पायानं बाकाखाली आत सारली.

आठ रबरं बसली. मी मोजली.

१७ जानेवारी, शनिवार

डबा मी दिला नाही. बोट मी बुडवलं नाही. एवढा पुण्याचा कारागीर, त्याला कळू नये? विचारायचं होतं — दादा, ह्येच का एरंडेल? नाही विचारलं. मग मीच का सांगायचं!

आज त्यानं कॅलिपरना लाल रंग मारला. गाडीला घातले तेव्हा येणारा-जाणारा थांबून बघत होता. अभिमन्यूनं फोटो काढला, उस्ताद आणि इंद्रजीत चाकाशी बसलेले. मला म्हणाला, "दादा, जरा बाजूला सरा की, चाक झाकतंय."

सरलो.

१८ जानेवारी, रविवार

सुट्टी. गड्ड्याच्या जत्रेला गेलो प्रतिक्षाला घेऊन, अजून पाळणे आहेत. ती भाजलेली कणसं खात होती आणि मी येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकाकडं बघत होतो. "कुटं हाय ध्यान तुमचं?" मी म्हटलं, समज, एखाद्यानं चूक केली आणि ती तुला दिसली. तर सांगशील? ती म्हणाली, "कुनाची चूक हाय त्येच्यावर हाय की." मग माझ्याकडं नीट बघितलं. "काय झालंय?"

काही नाही म्हटलं. तिनं आणखी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण ती दुधनीची, एकदा कानडीत "साकु", पुरे, म्हणाली की विषय संपला. आज म्हणाली.

१९ जानेवारी, सोमवार

ब्रेक ऑइल भरलं, हवा काढली. तो चाकाशी, मी आत पेडलवर. "दाबा दादा... धरा... सोडा." दगडासारखं पेडल लागलं. पहिल्याच फेरीत! उस्तादांनी आत बसून दाबलं आणि लहान पोरासारखे हसले.

मी जॅकवर चढलेलं चाक हातानं फिरवून बघितलं. जड. मोकळं फिरायला पाहिजे, ते अर्ध्या फेरीत थांबलं. फुगायला लागली रबरं.

इंद्रजीतनंही फिरवलं. कपाळाला आठी. "पॅड नवीन हायत म्हनून आसंल का, दादा? तुमाला काय वाटतंय?"

त्यानं विचारलं. सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. यापेक्षा सोपं कुणी करून देईल?

"बसतील पॅड," म्हणालो.

त्याला ब्रेकमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं असं उस्तादांना वाटतं ना? मग कळू दे की त्याला! असं तेव्हा वाटलं होतं. आता जेवण झालंय, भांडी घासल्याचा आवाज येतोय आणि मला तसं काही वाटत नाही.

२० जानेवारी

उद्या चाचणी आहे. सकाळी लवकर जाऊन सांगायचं. ठरलं. उस्ताद काय म्हणायचं ते म्हणोत.

२१ जानेवारी, बुधवार

सांगायला साडेआठलाच गेलो. गॅरेजला कुलूप. फोन केला तर उस्ताद म्हणाले, आमी सातलाच निघालो, तू सरळ माळावर ये. अक्कलकोट रोडनं गाडी हाणली. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. "उस्ताद, डब्यात..." "इंद्रजीत, एक मिनीट..."

पोचलो तर पंधरावीस लोक. अभिमन्यूचे मित्र, भजी, मोबाईल वर केलेले. अभिमन्यू हेल्मेट घालून तयार. इंद्रजीतनं त्याला दारातच अडवलं. "अभिमन्यूभाऊ, चाकं मला अजून जड वाटत्यात. आदी मी दोन फेऱ्या मारतो." अभिमन्यू नाराज झाला पण उतरला.

मी खिडकीशी गेलो. सगळ्यांसमोर काय सांगू? डब्यात मीच ऑइल भरलं होतं? तू बोट बुडवलंस तेव्हा मी बघत होतो? उस्ताद चार पावलांवर उभे होते.

"सावकाश घे," म्हणालो.

"व्हय दादा." हसला. पट्टा बांधला.

पहिली फेरी चांगली. दुसऱ्या फेरीत पुढच्या चाकातून धूर. लोक ओरडले, त्यांना वाटलं मातीच उडतीय. मला वास आला, जळक्या पॅडचा. मी पळत सुटलो, हात हलवत, थांब म्हणत. माळ पुढं उताराला लागतो आणि खाली दगडी बांध आहे. ब्रेकचे लाल दिवे लागलेले दिसले. विझले. परत लागले. तो पेडल हाणत होता आणि गाडी चाललीच होती. शेवटी त्यानं गाडी आडवी केली. बांधाला कुशीवर धडकली.

सगळ्यात आधी मी पोचलो. उजवा हात दारात अडकलेला, मनगटाच्या वर भलतीकडंच वळलेला. शुद्धीवर होता. म्हणाला, "पेडल खाली गेलं, दादा."

अभिमन्यू बसला असता तर त्यानं सावकाश घेतली नसती. हे मी दहादा मनात म्हटलं. तसं म्हणून काही होत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

मनगट आणि कोपर, दोन्हीकडं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, पट्टी घातली. सहा महिने तरी तो हात कामाचा नाही, आणि पुढंही पहिल्यासारखा होईल की नाही ते सांगता येत नाही म्हणे. मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

उस्तादांनी कॅलिपर खोलायला लावले. मीच खोलले, दुसरं कोण खोलणार. पिस्टन निघता निघेनात. रबरं फुगून खाचेबाहेर आलेली. उस्तादांनी एक चिमटीत धरलं, कितीतरी वेळ चाचपत राहिले. "असं कसं झालं रं मल्लिनाथ? एरंडेलनं तर असं हुईत न्हाय कधी." मी म्हणालो, बघावं लागेल. ते रबर रुमालात बांधून उस्ताद दवाखान्यात गेले, इंद्रजीतला दाखवायला.

ते गेल्यावर मी डबा घासून धुतला. त्यात बाटलीतलं एरंडेल भरलं. फळीवर उजव्या कोपऱ्यात ठेवला.

हे कुणाला भिऊन केलं? गॅरेजात कुणीच नव्हतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

उस्तादांनी बाकावर शेजारी बसवलं. म्हणाले, "इंद्रजीतनं समदं सांगितलं."

मी फळीवरच्या डब्याकडं बघितलं.

"रबरं त्येनं पुन्याच्या जुन्या बाजारातनं आनली हुती, हलक्या मालाची. तू म्हनला हुतास त्येला, ही नगं वापरू म्हनून. त्येनं ऐकलं न्हाय. चाक जड हाय, ह्येबी तूच आदी वळखलंस म्हनं. आन् माळावर खिडकीपाशी जाऊन सावकाश घे म्हनालास, म्हनून जीव वाचला." माझा हात हातात घेतला. "मी आंधळा झालो रं. डोळ्यानं न्हाय, आकलेनं. घरातला मानूस सोडून भायेरच्याच्या मागं लागलो. सांगितलं हुतंस न्हवं त्येला?"

"व्हय," म्हणालो.

गॅरेजच्या चाव्या दिल्या. सोमवारी झेंडा लावून सगळ्यांना सांगणार आहेत.

प्रतिक्षानं शिरा केला. ज्या गोष्टीसाठी तीन महिने जळत होतो ती खिशात आहे. बसताना टोचते. इंद्रजीत असं का बोलला असेल? भूल उतरली नव्हती का? की खरंच रबरावर संशय आहे त्याला? असेल. तसंच असेल. देवा, तसंच असू दे.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडा लागला. नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. चौथी शाब्बास मिळाली. तारीख लक्षात राहील.

२८ जानेवारी, बुधवार

इंद्रजीतच्या घरी गेलो. हात गळ्यात बांधलेला. आई चहा ठेवून बाहेर गेली तशी विचारलं, उस्तादांना तसं का सांगितलंस?

"रबर नाकाला लावलं आन् कळलं, दादा. इंजिन ऑइल. तो डबा आपल्याच हातानं दिला, ह्ये उस्तादांना कळलं असतं, तर त्या मानसानं परत गॅरेजात पाय टाकला नसता."

आणि मी?

"तुमी बाटली पायानं आत सारलेली बघितली हुती मी. तवा कळलं न्हाय का ते." चहा डाव्या हातानं बशीत ओतायला बघत होता, सांडत होता. "माझा हात ह्यो असा. त्येंच्याजवळ कुनीतरी पायजे की. तुमालाबी घालवलं असतं तर कोन हाय त्येंना?"

बावीस वर्षं मी उस्तादांचा माणूस. त्यांच्यासाठी एवढं करावं हे मला सुचलं नसतं. आज त्याच्यावर जितका जळलो, तितका आयुष्यात कुणावर जळलो नाही.